बिनशिट्टीचा कुकर

सत्तरी गाठलेल्या माणसाला वाढदिवसाला काय द्यावे, हा त्याच्या मुलाबाळांपुढचा एक अवघड प्रश्न असतो. शर्ट द्यावा, तर आधीचे चार अजून घडी मोडायचे राहिलेले असतात. पुस्तक द्यावे, तर ‘चष्म्याचा नंबर बदललाय वाटतं’ हे ऐकून घ्यावे लागते. मिठाई द्यावी तर साखर आडवी येते, फरसाण द्यावे तर रक्तदाब. मग मुलेबाळे उपयोगी वस्तूंकडे वळतात. ह्या वस्तू आपल्याला हव्या असतात असे नाही. त्या आपल्याला हव्या आहेत असे त्यांचे आपापसात ठरलेले असते. अशा रीतीने मला आजवर पाय शेकण्याचे यंत्र, न्हाणीघरात न घसरणारी चटई आणि भिंतीला लावायचा एक दांडा मिळालेला आहे. दांडा धरून उठायचे असते. मी त्यावर पंचा वाळत घालतो.

ह्या वेळी ठाण्याहून लेक आणि जावई आले, ते एक भले थोरले खोके घेऊन. खोक्यातून जे निघाले ते पाहून मला आधी वाटले, कचऱ्याची नव्या धर्तीची बादली असावी. गोलमटोल अंग, डोक्यावर घट्ट टोपी, पोटावर बटणे आणि मागे शेपटासारखी वायर.

“बाबा, विजेवरचा प्रेशर कुकर!” लेक म्हणाली. “तीन लिटरचा. तुम्हा दोघांना अगदी बेताचा.”

“अगं, पण आपला आहे की कुकर!” आमची ही म्हणाली.

“तो साडेसहा लिटरचा आहे आई. तो उचला, घासा, गॅसपाशी उभी राहा. आणि तुझे गुडघे...” इथे लेकीने आईकडे पाहिले, आईने जावयांकडे पाहिले आणि जावयांनी पंख्याकडे. ह्या पाहापाहीचा अर्थ मला त्या वेळी लागला नाही. मी खोक्यात आणखी काही राहिले आहे का ते चाचपत होतो.

“ह्याची शिट्टी कुठंय?” मी विचारले.

“ह्याला शिट्टी नसते बाबा.”

शिट्टी नसलेला कुकर! गोंड्याशिवाय टोपी चालते, पितळी घंटेशिवाय देऊळसुद्धा एक वेळ चालवून घेता येईल. पण शिट्टीशिवाय कुकर?

माझी ही हळहळ समजायची असेल, तर तुम्हाला आमच्या जुन्या कुकरची ओळख करून द्यायला हवी. तो १९८२ सालचा. लग्नाला वर्ष झाले होते, डोंबिवलीत दोन खोल्यांचे बिऱ्हाड थाटले होते, आणि बँकेने दिलेल्या बोनसचे काय करायचे ह्यावर घरात तीन पक्ष पडले होते. मी रेडिओच्या बाजूने होतो. आई गोदरेजच्या कपाटाच्या बाजूने होती. ही नवी सून असल्यामुळे काहीच बोलली नाही, आणि कुकर आला. साडेसहा लिटरचा, आत एकावर एक बसणारे तीन डबे. खाली वरण, मध्ये भात, वर बटाटे नाहीतर भोपळा. पाण्यात लिंबाची पिळलेली फोड टाकायची, म्हणजे कुकर आतून काळा पडत नाही. हे शास्त्र आईचे. तिने आधी कुकरला विरोध केला होता, पण शास्त्र मात्र पहिल्याच दिवशी तयार ठेवले होते.

घरात तेव्हा माणसे सहा: आई, दादा, धाकटा भाऊ, आम्ही दोघे आणि पुढे लेक. तांदूळ चार वाट्या आणि वर एक मूठ. ही वरची मूठ आल्यागेल्याची. डोंबिवली स्टेशनापासून घर सात मिनिटांवर असले की आलेगेले पुष्कळ असतात. कल्याणला जाणारा वाटेत उतरतो, ठाण्याला जाणारा चुकून पुढे येतो, आणि दोघेही जेवूनच जातात.

त्या घराचे घड्याळ म्हणजे कुकरची शिट्टी. माझी गाडी ८ वाजून ४ मिनिटांची. पहिल्या शिट्टीला दाढी, दुसरीला अंघोळ, तिसरीला पाटावर. कधी डाळ जून निघाली आणि हिने चौथी शिट्टी काढली, तर माझी गाडी चुके आणि साहेबापुढे तुरीच्या डाळीची बाजू मांडावी लागे.

आमच्या इमारतीत बिऱ्हाडे बारा आणि कुकरही बारा. प्रत्येकाची शिट्टी वेगळी. तळमजल्यावरच्या वकिलांचा कुकर एकच लांबलचक शिट्टी देई, तारीख वाढवून मागितल्यासारखी. पहिल्या मजल्यावरच्या मास्तरांचा कुकर ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून वाजे. सगळे कुकर एकदम वाजू लागले की बायका गॅलरीतून एकमेकींना विचारीत, “वहिनी, आत्ताची माझी होती की तुमची?” “तुमचीच. दुसरी.” दुसऱ्याच्या शिट्ट्यांचा हिशेब ठेवणे हा शेजारधर्म होता.

तशी कोंडलेल्या वाफेची शिट्टी आमच्या ठाणे-कल्याणच्या पट्ट्याला पूर्वापार ओळखीची. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुटलेली पहिली प्रवासी गाडी साहिब, सिंध आणि सुलतान ह्या तीन इंजिनांनी ओढत आणली, ती ठाण्यालाच. १४ डबे, ४०० पाहुणे आणि २१ तोफांची सलामी! पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, गाडी कल्याणला पोचली. आणि आगगाडीचे इंजिन व कुकर ही तर चुलत भावंडे. डेनिस पापँ नावाच्या फ्रेंच गृहस्थाने १६७९ साली हाडे शिजवून मऊ करणारे बंद झाकणाचे भांडे बनवले. ते फुटून स्वतःचीच हाडे मऊ होऊ नयेत म्हणून त्याने त्यावर जादा वाफ सोडणारी झडप बसवली. १६८२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीतल्या विद्वानांना ह्या भांड्यात शिजवलेले जेवण घातले गेले. पुढे १६९० मध्ये ह्याच पापँने वाफेने दट्ट्या हलवण्याची कल्पना मांडली, आणि त्या वाटेने पुढे इतरांनी जाता जाता इंजिन झाले. म्हणजे स्वयंपाकघर आधी आणि आगगाडी मागाहून. आपल्याकडे हॉकिन्स आणि प्रेस्टिज हे दोन्ही कुकर १९५९च्या सुमाराचे, आणि त्यातल्या हॉकिन्सचा एक कारखाना ठाण्यात. आगगाडीची शिट्टी ठाण्याने पहिल्यांदा ऐकली ती १८५३ साली, आणि शंभर-सव्वाशे वर्षांनी तीच वाफ घरोघर ओट्यावर येऊन बसली.

असो. बिऱ्हाड मोठे होते तेव्हा कुकर लहान वाटायचा. मग दादा गेले, आई गेली. भावाने बदलापूरला घर घेतले. लेक लग्न होऊन ठाण्याला घोडबंदर रोडला गेली. सहाचे आम्ही दोघे उरलो. कुकर मात्र साडेसहा लिटरचाच राहिला.

माणसे कमी झाली तरी हात कमी होत नाही. हिचा हात सवयीने दोन वाट्या तांदूळ घेतो आणि वर मूठ टाकतो. “कोणासाठी?” म्हणून विचारले तर म्हणते, “असू दे, कोणी आलं तर?” हल्ली कोणी येत नाही. येतो तो फोन, आणि फोन जेवत नाही. परिणामी सोमवारचा भात मंगळवारी फोडणीचा, बुधवारी दहीभात आणि गुरुवारी थालीपीठ असे तीन पुनर्जन्म घेतो. ह्या फेऱ्यातून त्याला मोक्ष मिळायचा तो फक्त माझ्या पोटात.

त्यातच आमच्या कुकरची शिट्टी बसली.

गायकाचा गळा बसतो तशी. दोनेक वर्षांपूर्वी माझ्या लक्षात आले की पूर्वीसारखी ती खणखणीत राहिलेली नाही. बाहेरच्या खोलीत बसले की नुसते काहीतरी फुसफुसल्यासारखे वाटायचे. मी रबर बदलून आणले. मग वजन बदलून आणले. तरीही आवाजात दम नाही. शेवटी कुकरच पिशवीत घालून बाजारातल्या दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानदाराने तो शेगडीवर चढवला. शिट्टी झाली तसे समोरचे दोन भाजीवाले दचकले आणि एका बाईच्या कडेवरचे मूल रडायला लागले.

“जरा बसलेलीच वाटते,” मी म्हणालो.

दुकानदाराने माझ्याकडे नीट पाहिले. “काका,” तो म्हणाला, “ह्याहून मोठी हवी असेल तर कल्याण यार्डात चौकशी करा.”

हल्लीच्या कारागिरांना जुन्या आवाजाची पारखच राहिलेली नाही, असे म्हणून मी परत आलो.

ह्याच सुमाराला हिला एक नवीन खोड लागली. कुकरची शिट्टी झाली की स्वयंपाकघरातून ओरडून सांगायची, “पहिली झाली हं!” थोड्या वेळाने, “दुसरी झाली हं!” चाळीस वर्षांत कधी नाही ते हे नवेच. मी चिडून म्हणायचो, “ऐकू येतंय मला! बहिरा नाही झालेलो!” त्यावर ही काही बोलायची नाही. पण पुढची शिट्टी झाली की पुन्हा आपले, “तिसरी झाली हं!” वय झाले की माणूस एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो, असे म्हणतात. मी समजुतीने घ्यायचे ठरवले.

मग नातीला कांजिण्या आल्या आणि ही आठ दिवसांसाठी ठाण्याला गेली. जाताना मला सगळे लिहून देऊन गेली: तांदूळ एवढे, डाळ एवढी, हिंग-हळद, लिंबाची फोड, तीन शिट्ट्या, मग गॅस बंद. पहिल्याच दिवशी मी सगळे नेमके तसे केले आणि शब्दकोडे घेऊन बाहेरच्या खोलीत पहिल्या शिट्टीची वाट पाहत बसलो. कोडे निम्मे झाले. पाऊण झाले. मी मनात म्हटले, गॅसचा दाब कमी असेल. तेवढ्यात दारावर धक्के बसू लागले. उघडतो तो समोरच्या ब्लॉकमधला तरुण मला बाजूला सारून थेट स्वयंपाकघरात घुसला. आत धूर कोंडला होता. त्याने गॅस बंद केला, खिडकी उघडली आणि म्हणाला,

“काका, सतरा शिट्ट्या झाल्या! मग एकदम वाजायचाच थांबला!”

“सतरा? मग आधी का नाही आलात?”

“मला वाटलं, तुम्ही राजमा लावलाय.”

कुकरातले पाणी आटून झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह वितळला होता. वरणाचा कोळसा झाला होता. मी संध्याकाळी ठाण्याला फोन करून झाला प्रकार सांगितला आणि शिट्टी मुळीच वाजली नसल्याचे बजावून सांगितले. ‘सतरा म्हणे! माणसाने थापा माराव्यात, पण किती!’ असेही म्हणालो. पलीकडे बराच वेळ कोणी बोलेना. मला वाटले, फोन कट झाला.

त्यानंतर महिन्याभराने वाढदिवस आला, आणि वाढदिवसाबरोबर हा बिनशिट्टीचा कुकर.

विजेचे यंत्र म्हटल्यावर ते चालवण्याची जबाबदारी पुरुषावर येते. बरोबर आलेली पुस्तिका मी भिंगाखाली वाचून काढली. पोटावरच्या बटणांत राइस होते, सूप होते, योगर्ट होते, इतकेच काय केकसुद्धा होता. पण वरणभात नव्हता. मेतकूट घालून खायच्या मऊ भाताचे बटण तर ज्यांनी यंत्र बनवले त्यांच्या स्वप्नातही आले नसावे.

पहिल्या दिवशी झाकणावरची झडप उघडीच राहिली. अर्धा तास वाफ बाहेर पडत होती आणि स्वयंपाकघरात माथेरानचे धुके पसरले होते. तांदूळ मात्र आत होते तसेच. दुसऱ्या दिवशी झडप लावली, पण पाणी जुन्या अंदाजाने घातले. ह्या कुकरातून वाफ जवळजवळ जातच नाही, त्यामुळे घातलेले पाणी आतच राहते. झाकण उघडल्यावर जे दिसले ते भात म्हणून वाढता येईना आणि पेज म्हणून टाकवेना. तिसऱ्या दिवशी वाटीला सव्वा वाटी पाणी घातले आणि भात झाला. चांगला झाला. मोकळा, पांढरा, दोन माणसांचा. संसारात पहिल्यांदाच आम्हाला संध्याकाळी उरलेला भात दिसला नाही, आणि कोणाला तरी जेवायला बोलवायचे राहून गेल्यासारखे दोघेही थोडा वेळ गप्प बसलो.

हळूहळू मला त्याची रीत कळू लागली. उघड्या भांड्यात पाणी १०० अंशांना उकळते, आणि मग खाली कितीही जाळ लावा, त्यापुढे तापत नाही. झाकण बंद करून वाफ कोंडली की दाब वाढतो, आणि गॅसवरच्या कुकरात पाणी १२० अंशांच्या आसपास जाते. म्हणून डाळ लवकर शिजते. पण गॅसला काही कळत नाही. तो जळतच राहतो, आत नको तेवढी वाफ होते आणि ती वजन उचलून बाहेर पडते. तीच आपली शिट्टी. विजेच्या कुकरला दाब कळतो. पुरेसा झाला की तो आपली वीज आपणच तोडतो, कमी झाला की जोडतो. जादा वाफ तो होऊच देत नाही, तर शिट्टी कुठून येणार? त्याचा दाब गॅसच्या कुकरपेक्षा थोडा कमी असतो, म्हणून वेळ थोडा जास्त लागतो. तापायला दहा मिनिटे, शिजायला दहाबारा, निवायला दहा. लवकर काही होत नाही. पण तळाशी वाटीभर पाणी, त्यावर तिवई, तिवईवर डाळीची वाटी आणि वर तांदळाची, एवढे ठेवून बटण दाबले की माणसाने फिरायला जावे. शिजल्यावर तो आपोआप थांबतो आणि अन्न गरम ठेवतो. दोन घासांसाठी साडेसहा लिटरचे धूड तापवावे लागत नाही. मुगाची खिचडी तर त्याच भांड्यात फोडणी करून मीच लावू लागलो. आजवर ह्या घरात मला फक्त चहा येत होता.

खरे म्हणजे ही कल्पना जुनीच. डॉ. इंदुमाधव मल्लिक ह्या बंगाली गृहस्थांनी १९१०च्या सुमारास इकमिक कुकर काढला होता. तळाशी निखारे, वर एकावर एक डबे, सगळे एका नळकांड्यात. सकाळी लावून एकट्या माणसाने कामाला जावे आणि परत येऊन गरम जेवावे. माझे एक काका गिरगावात एका खोलीत राहत, त्यांच्याकडे तो होता. घरचे म्हणत, “बिचाऱ्याला इकमिकवर दिवस काढावे लागतात.” लहानपणी इकमिक हे मला दुखण्याचे नाव वाटे. आता आमच्याच ओट्यावर त्याचा पणतू येऊन बसला होता, आणि आम्हाला कोणी बिचारे म्हणत नव्हते, एवढाच फरक.

हिला मात्र तो पटेना. बटण दाबून झाले तरी ही त्याच्यासमोर उभीच.

“अगं, बस ना बाहेर येऊन.”

“ह्याच्यावर लक्ष कसं ठेवायचं?”

“लक्ष ठेवायचंच नाही. तो त्याचं तो बघतो.”

“मग मी काय करू?” ही म्हणाली.

हा प्रश्न पुस्तिकेत नव्हता. चाळीस-बेचाळीस वर्षे ह्या बाईने एक कान कुकरकडे ठेवून पोळ्या लाटल्या, लेकीचा अभ्यास घेतला, सासूशी वाद घातले. आता तो कान तिने कुठे ठेवावा? एकदा भात लावल्यावर वीज गेली आणि यंत्र अर्ध्यावर सगळे विसरले, तेव्हा हिच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला तो लेकीचा दहावीचा निकाल लागला तेव्हाही नव्हता. लगेच नवा व्हॉल्व्ह बसवलेला जुना कुकर फळीवरून खाली आला. “पहिली झाली हं!” म्हणून आरोळी आली तेव्हा कुठे तिचे गुडघे दुखायचे थांबले.

मी मात्र पाहुण्यांना सांगू लागलो होतो की नवा कुकर गुणी आहे. त्याच्यात खोट काढायची तर एकच, तो मुका आहे. काम झाले तरी सांगत नाही.

मे महिन्यात नात राहायला आली. वय वर्षे ९. मी बाहेर पेपर वाचत होतो, ती माझ्याजवळ पत्त्यांचा बंगला रचत होती. मध्येच मान वर करून म्हणाली,

“आजोबा, कुकर वाजला.”

“तो वाजत नाही बाळ. तो मुका कुकर आहे.”

“वाजला ना! टीं-टीं-टीं, दहा वेळा! रोज वाजतो.”

“रोज?” मी हसून स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिले. दारात ही उभी होती. हसत नव्हती.

माणसाच्या डोक्यात कधीकधी एकदम दिवा लागतो म्हणतात. माझ्या डोक्यात दिवा नव्हे, शिट्टी वाजली. आणि एक नाही, लागोपाठ सतरा. रबर, वजन, दचकलेले भाजीवाले, रडणारे मूल, कल्याण यार्ड, राजमा, पंख्याकडे पाहणारे जावई. मी पेपर खाली ठेवला.

“किती दिवस झाले?” मी हिला विचारले.

“होतील दोनेक वर्षं.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“सांगतच होते की,” ही म्हणाली. “प्रत्येक शिट्टीला सांगत होते.”

मी गप्प बसलो. दोन वर्षे मी कुकरची शिट्टी ऐकतच नव्हतो. ऐकत होतो तो हिचा आवाज. आणि ज्या दिवशी तो आवाज ठाण्याला गेला, त्याच दिवशी वरणाचा कोळसा झाला. गुडघे हिचे होते, पण कुकर माझ्यासाठी आला होता. ज्याला शिट्टी ऐकू येत नाही त्याच्या हाती द्यावा असा कुकर लेकीने दुकाने हिंडून शोधला होता, आणि मला वाईट वाटू नये म्हणून नाव आईच्या गुडघ्यांचे केले होते.

मग ठाण्याला जाऊन कान तपासून घेतले. एका बंद खोलीत कानाला यंत्र लावून बसवतात आणि आवाज आला की बटण दाबायला सांगतात. मी पुन्हा एकदा शिट्टीची वाट पाहत बसलो. निघालेला आलेख डाव्या बाजूला बरा होता. उजवीकडे मात्र कसारा घाट उतरावा तसा थेट खाली. डॉक्टर म्हणाले, वयाने कान जातात ते उंच पट्टीकडून आधी. घोगरे, खालच्या पट्टीतले आवाज पुष्कळ दिवस नीट येतात. म्हणून माणसाला स्वतःला पत्ता लागत नाही. त्याला वाटते, लोकच पुटपुटतात आणि वस्तूंचेच आवाज बसले.

“म्हणूनच मी घसा जाड करून ओरडत होते,” ही म्हणाली. डॉक्टरांनी तिच्याकडे आदराने पाहिले.

आता मला कानामागे बसणारे यंत्र मिळाले आहे. वाढदिवसाची वाट न बघता. ते लावून घरी आलो तेव्हा पहिल्यांदा विजेचा कुकर ऐकला. पावसाळ्यात रात्री किडा ओरडावा तसा बारीक, चिकट आवाज. दहा वेळा. मी त्याला इतके महिने मुका म्हणत होतो आणि तो बिचारा रोज इमानेइतबारे हाका मारत होता.

आमची आता वाटणी ठरली आहे. सोमवार ते शनिवार तीन लिटरचा. तांदूळ पाऊण वाटी, डाळ पाव. वरच्या मुठीला त्यात जागा नाही, पण ही चार दाणे टाकतेच. रविवारी ठाण्याची मंडळी येतात, कधी बदलापूरचीही येतात, आणि जुना कुकर फळीवरून उतरतो. तीन डबे, लिंबाची फोड, चार वाट्या तांदूळ आणि वर मूठ.

गेल्या रविवारी मी यंत्र लावून बाहेरच्या खोलीत बसलो होतो. स्वयंपाकघरात शिट्टी झाली. खणखणीत, १९८२ सालची. दुकानदाराची मी मनातल्या मनात माफी मागितली. मग दुसरी झाली. मग तिसरी. ती पुरती थांबायच्या आत आतून नेहमीचा घोगरा आवाज आला,

“तिसरी झाली हं!”

“बरं,” मी म्हणालो, आणि उठून गॅस बंद केला.